वर दोन टोमॅटो

कुमासी,
शनिवार, १४ मार्च १९८७

प्रिय अफिया,

आईंना नमस्कार, अबेनाला पापा. तिचं नाक माझ्यावर गेलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला.

बाजारातली तुझी जागा शाबूत आहे. बाळंतपणाला जाताना तू बजावलं होतंस, जागा अडवून नुसता बस, विकू नकोस. पण टोमॅटो घड्याळांसारखे थांबत नाहीत गं. मऊ पडायला लागले तसा विकू लागलो.

बायकांच्या ओळीत पुरुष बघून आधी कुणी फिरकेना. एकीने तर विचारलं, बायको वारली का? त्यात मी घड्याळं विकणारा. आमच्यात भाव पटला की माल घे नि चालू लाग. इथे पैसे देऊनही बाई हलेना. काय राहिलं, असं विचारलं तर सगळी ओळ हसली. शेजारच्या अजोआने माझ्याच ढिगातले दोन टोमॅटो त्या बाईच्या परातीत टाकले. म्हणाली, "भावजी, वर घातल्याशिवाय गिऱ्हाईक उठत नसतं."

मग शिकलो. जरा जास्तच शिकलो. कुणा बाईला मी वर चार घातले ही बातमी तुझ्यापर्यंत पोचली म्हणे. त्या बाईच्या तोंडात एकही दात नाही, आईंची शपथ.

आता गिऱ्हाईकं मला शोधत येतात. ओळीतल्या बायका मला "अफियाबाई" म्हणतात आणि मी ओ देतो.

तर सांगायचं असं, की घड्याळांची पाटी मी धाकट्या भावाला देऊन टाकली. तुला न विचारता. ती गळ्यात अडकवून उन्हात वणवण करणं आणि पोलीस दिसला की पळणं आता नको वाटतं. मला इथे बसायला आवडतं, अफिया. खरंच आवडतं.

परवा टोमॅटोवाल्यांची राणी, ज्यांच्या शब्दावर ही सगळी ओळ चालते त्या नाना सेर्वा, ओळीत आल्या. चपला काढून पुढे गेलो आणि विचारलं, अफिया आल्यावरही मी बसलो तर चालेल का?

"जागा कुणाची?"

"अफियाची."

"मग मला काय विचारतोस? हाताखाली पुरुष ठेवायचा की नाही, ते तिने बघायचं."

म्हणून हे पत्र. पेट्या मी उचलीन, नासके वेगळे काढीन, अबेनाला पाठीला बांधीन. भाव तू ठरव. नाही म्हणालीस तर रुसेन, पण उठेन. फक्त उत्तर देताना नवरा म्हणून सांभाळून घेऊ नकोस. मालकीण म्हणून सांग, ठेवतेस का कामाला?

तुझाच, आणि ठेवलंस तर तुझ्या हाताखालचा,
याव