शेवटाला मला बरी करू नका

पिंपळे सौदागर,
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप शांतवनमामांस,
मिनलचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुमच्या मासिकाच्या नाताळ अंकाची कथा सोबत धाडते आहे. फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि दिसत नसल्यामुळे संगणकावर तुम्ही वाचणार नाही, म्हणून पोस्टालाच कामाला लावलं. मामी नेहमीप्रमाणे वाचून दाखवतीलच.

कथा या वेळी वेगळी झाली आहे, आधीच सांगून ठेवते. रविवारी दुपारी आम्ही काही जणी महाळुंग्याला कामगारांच्या खोल्यांवर प्रार्थनेला जातो. तिथे जालन्याकडची अंजली राहते. ती आणि तिचा नवरा, दोघंही गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहेत. पावसाळ्यात तिला दिवस भरून मुलगी झाली, ती मेलेलीच. पुढच्या रविवारी आम्ही तिच्या खोलीत दाटीवाटीने बसून उपकारस्तुतीचं गीत म्हणू लागलो. दुसऱ्या कडव्याला ती म्हणाली, आता बास करा. मला त्याचे उपकार मानायचे नाहीत. बाहेर शिफ्टच्या बसचे हॉर्न वाजत होते.  मामा, इतक्या वर्षांत प्रार्थनेत इतकं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्या भीतीतच असंही वाटलं, की देव मान खाली घालून तिचं ऐकतो आहे.

लिहू का म्हणून तिला विचारलं. लिवा ताई, पर शेवटाला मला बरी करू नका, एवढंच म्हणाली. मी शब्द दिला आहे. नाव-गाव अर्थातच बदललं आहे.

मामींचे गुडघे कसे आहेत? दोघांनी जपून असा, आणि माझ्यावरची माया आहे तशी ठेवा.

तुमची भाची,
मिनल


नगर,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मिनल हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद व सलाम.

कथा पोचली. तुझ्या मामीने एका बैठकीत वाचून दाखवली. वाचताना तिला दोनदा पाणी प्यायला थांबावं लागलं. तुझी वाक्यं फार लांब झाली आहेत.

अंधार लिहू नये, असं मी म्हणत नाही. पवित्र शास्त्रात काय कमी अंधार आहे? पण तिथे कुणी त्याची चव घेत बसलेलं नाही. तू त्या गार पडलेल्या बाळाच्या गाठोड्याचं वर्णन पानभर केलंस. ते वाचणाऱ्यासाठी केलंस, की आपल्याला किती लिहिता येतं ते बघायला, तूच ठरव.

दुसरी गोष्ट शेवटाची. बाई दार लावून घेते आणि कथा संपते. आपला अंक खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांत मोठ्याने वाचतात, पोरंटोरं पुढ्यात बसलेली असतात. त्यांना त्या बंद दाराबाहेर उभं करून मी घरी कसा जाऊ? दोनच ओळी घाल: ती गुडघे टेकते, प्रार्थना करते. आजवर तुझ्या प्रत्येक कथेच्या शेवटी दारावर नाताळची चांदणी लागायची आणि मी थट्टा करायचो. आता मीच चांदणी शोधतो आहे.

(चहातली साखर बंद केल्यापासून हे असेच चिडलेले असतात. मनावर घेऊ नकोस. — मामी)

लवकर उत्तर धाड. म्हाताऱ्याला विसरू नये.

तुझा मामा,
शांतवन


पिंपळे सौदागर,
२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र आकुर्डीला कॉलेजच्या ग्रंथालयात, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच परत आणला.

गाठोड्याचं पान काढून टाकलं आहे. तुम्ही बरोबर ओळखलंत. ते लिहिताना मला छान वाटत होतं, आणि तिथे छान वाटायला नको होतं. आता फक्त एक ओळ ठेवली आहे.

पण प्रार्थनेच्या दोन ओळी मला घालता येत नाहीत. अंजलीने अजून प्रार्थना केलेली नाही. कागदावर मी तिला गुडघे टेकायला लावलं, तर ते गुडघे माझे असतील, तिचे नाहीत. देवालाही ते कळेल. पोरांचं म्हणाल, तर त्यांच्यातल्या कुणाची तरी आई असंच दार लावून बसलेली असेल. आपल्या घरातली गोष्ट देवळात चालते, एवढं तरी त्याला कळू दे.

तरी अंक तुमचा आहे. चालत नसेल तर कथा परत पाठवा. दुसरीकडे देणार नाही. अंजलीला वाचून दाखवीन आणि ठेवून देईन. रागावला असाल तरी पत्र बंद करू नका.

तुमची,
मिनल


नगर,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मिनल,
मामीचा सलाम घे.

आजवरची पत्रं माझ्या अक्षरात असली तरी शब्द यांचे होते. हे माझं.

तुझं पत्र वाचून झाल्यावर यांनी उत्तर सांगायला घेतलं, की दोन ओळी घातल्याशिवाय कथा छापता येणार नाही. मी पेन खाली ठेवलं. यांना वाटलं, रिफिल संपली.

मी म्हटलं, हे माझ्याने लिहवणार नाही. तुला ठाऊक नसेल, आमच्या प्रज्वलच्या जन्माआधी एक मुलगी झाली होती. ती रडलीच नाही. तेव्हा यांनी माझ्या खाटेशी गुडघे टेकून देवाचे उपकार मानले आणि मी शेवटी आमेन म्हटलं. आज यांना सांगितलं, की ते आमेन तुमच्याकडे बघून म्हटलं होतं, त्याच्याकडे बघून नाही.

मला वाटलं, आता हे शास्त्रातलं एखादं वचन सांगतील.  पण यांनी विचारलं, कशी होती ती? यांनी तिला पाहिलीच नव्हती गं. धीर झाला नव्हता. मी सांगितलं, केस दाट होते, ओले, कपाळावर चिकटलेले. कुठवर ते दाखवायला यांचा हात धरून माझ्या कपाळावर ठेवला. तो हात तिथेच राहिला. मिनल, खोलीत आम्ही दोघंच होतो, पण दोघंच आहोत असं वाटत नव्हतं.

मी मनात तिचं नाव सरोज ठेवलं होतं. तेही आज सांगितलं. तुझ्या अंजलीला सांगावंसं वाटलं तर सांग.

खालच्या ओळी यांच्या हातच्या आहेत. दिसत नाही, म्हणून वाकड्या.

तुझी मामी,
रत्नमाला

मिनल, कथा आहे तशी घेतली. प्रार्थना घालू नकोस. मी एकदा घातली होती. — शांतवन


पिंपळे सौदागर,
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामा आणि मामी,
दोघांना सलाम.

काल महाळुंग्याला गेले. अंजली मेथी निवडत बसली होती. मीही जुडी ओढून घेतली आणि तिला कथा वाचून दाखवली, मग तुमचं सांगितलं.  त्या मामींच्या लेकीचं नाव काय, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं.  मग देठं मोडता मोडता तिने आपल्या लेकीचं नाव सांगितलं. म्हणाली, आतापर्यंत कुणी इचारलंच न्हाई.

ते नाव मी कथेत घालणार नाही. इथेही लिहीत नाही.

निघताना चपला घालायला वाकले आणि पाय पुढे होईनात. समोर कंपनीची भिंत, ट्रकांची रांग, धूळ. मी तशीच अनवाणी उभी राहिले. पवित्र भूमीवर पायतणं काढायची असतात, हे मामांना सांगायला नको.

तुमच्या मायेत मला जागा असू द्या.

तुमची,
मिनल