घुंघटातलं ऐकणं

मस्तगड, जालना
२ मार्च १९५३

प्रिय पानबाई,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर मुद्दामच लिहिलं नाही. काळजी केली असशील तर बरंच झालं.

आपला खेळ बारा वर्षांचा. घुंघट ओढला की लोकांना वाटतं हिला कानच न्हाईत, मंग मनाला येईल ते बोलतात. ते परक्यांचं बोलणं टिपून तू जाफराबादहून मला लिहायचं, मी जालन्याहून तुला. आईबाप गेल्यावर जाफराबादेत माझं माहेर म्हणजे तुझं पत्रच की ग! तू लिहिलेला तो म्हातारा बायकोकडं बोट दाखवून वैद्याला म्हणाला होता, "दवा कडू असंल तर हिला पाजा, हिचं तोंड बघूनच मी बरा होतो." चुलीपुढं एकटी हसत बसले होते मी. दिवाळीत मी तुला बाजारातली भाजीवाली लिहून पाठवली. ती म्हणत होती, "आमचे हे लई भोळे, मी सांगितल्याबिगर खोटंबी बोलत न्हाईत." त्याखाली मी लिहिलं होतं, आमचे हे बिलकुल तसेच.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मावशीला बघायला अंबडला निघाले. हे सरकीच्या सौद्याला म्हणून दोनदा जाफराबादला जाऊन आल्ते, दमले होते, म्हणून सोबत दीर आले. ते मोटारीत पुढं बसले. माझ्या शेजारी दोघी बाया. एक जाफराबादला कुठल्याशा सगाईत पुऱ्या लाटून आल्ती. नवरीच्या थोरल्या बहिणीनं काय गंमत सांगितली, ते दुसरीला सांगू लागली. "आमचे हे लई भोळे..." अग, माझीच भाजीवाली! मी घुंघटात हसले, तुझं किती कौतुक वाटलं. मंग ती म्हणाली, "नवरदेवबी पोट धरून हसला. मस्तगडचा गौतमचंद. पहिली हाय घरात, लेकरू न्हाई तिला. तिला अजून पत्ताच न्हाई." दुसरी म्हणाली, "बरं हाय की, फुगडीला जोडी झाली." सगळी मोटार हसली. दिरांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नवरदेव आमचे हे. ती थोरली बहीण तू. नवरी तुझी धाकटी इचरज, जिला मी कडेवर घेऊन हिंडले. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. सगाईच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. त्यात बाजारातल्या तीन गमती, आणि घरातली एकही नाही. लाज नाही वाटली तुला?

इचरजवर माझा राग नाही, सोळा वर्षांची पोर ती. तिची खोली मी झाडून ठेवली आहे. मी तरी जाऊ कुठं?

एकच विचारायचं आहे, म्हणून लिहायला बसले. बारा वर्षांत हे माझ्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. सरकीच्या सौद्याची थाप ह्यांच्या डोक्यातून निघालेली न्हाई, ते डोकं मी ओळखते. सांगितल्याबिगर हे खोटं बोलत न्हाईत, हे मीच तुला लिहून दिलं होतं. मी तर काही सांगितलं नव्हतं. मंग कुणी सांगितलं, पानबाई?

आजपर्यंत तुझीच,
संतोष