देवी डॉक्टर गुरुवारी येणार

७ मार्च १९४७, बाळापूर

—आधी उलट्यांची तसराळी समुद्रात रिकामी करायची. मग खाऱ्या पाण्यानं चादरी. साबणाला फेस म्हणून नाही! मग हिवतापाच्या पिवळ्या गोळ्या वाटायच्या. लढाईच्या जहाजावर दवाखान्यात मी आया होते, तेव्हाची रोजची सकाळ.

शिपाई गडी धिप्पाड. बंदुकीला भीत नसत, गोळीला भीत. कुणीतरी उठवलेलं — हिनं मर्दानगी जाते! जिभेखाली दाबायचे, माझी पाठ वळली की थुंकायचे. मी म्हणायचे, "गिळली? मग गावातले सगळे देव सांग. मोठ्यानं!" तिसऱ्या देवापाशी गोळी विरघळायची नि तोंड कडूजहर! रूपसिंग तर म्हसोबापाशीच रडकुंडीला आला. "आक्का, गिळतो, पर कुनाला सांगू नगा."

डॉक्टरसाहेब विचारायचे, "लपवलेलं तुला बरोबर कसं कळतं?" मी नुसतं हसायचे.

९ मार्च

शेजारच्या वारंग्याला देवी आल्या. दोन लेकरं गेली. देवी डॉक्टर गुरुवारी आमच्याकडे येणार, टोचायला. भावजय पंचफुला म्हणते, रूपाला हात लावू देणार न्हाई. रूपा तिची लेक, आठ महिन्यांची.

"वन्सं, देवीला कुनी सुई दाखवतं व्हय? कोपंल ना ती!"

"अगं, जहाजभर शिपाई टोचलेले. एकाला तरी आल्या का?"

"आन् तुमचा नामा? त्याला तर टोचलं होतं. तरी नेलाच की!"

नामा माझा लेक. तीन वर्षांचा होता. नऊ वर्षं झाली. अजून कुणी टोचायचं नाव काढलं की गावातल्या बाया नामाचं उदाहरण देतात.

१० मार्च

रूपाला बाजार दाखवते म्हणून कडेवर घेतलं. म्हटलं, परस्पर डॉक्टर गाठावा, दुसऱ्या गावात असला तरी. पंचफुला धावत आली. "वन्सं, बाजार काल झाला!" फजिती! रूपा मात्र खदाखदा हसली.

१२ मार्च

उद्या पहाटेच पंचफुला रूपाला घेऊन शेतात लपणार. सखुबाई, शालूबाई, सगळ्याच आपापली लेकरं घेऊन निघणार.

तातेराव, माझा भाऊ, म्हणाला, "आक्का, बायकू माझं ऐकत न्हाई. तूच सांग काहीतरी."

काहीतरी! भाकरी गोड लागली नाही.

१४ मार्च

काल पहाटे वेशीत वाट अडवून उभी राहिले. पंचफुलाला आणि सगळ्या बायांना सांगितलं — नामाला टोचलंच नव्हतं. डॉक्टर आला तेव्हा मीच पोराला कणगीत लपवलं. नंतर दंडावर बिब्बा लावून टोचल्याचा वण उठवला. घरधनी वारले, तेही तोच वण खरा मानून. पंचफुलानं रूपाला माझ्या कडेवर दिलं.