उज्जैनीहून पुणे किती पळे

पुणे, पौष वद्य २

चि. अनंतास यज्ञेश्वरशास्त्री याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. पौर्णिमेचे चंद्रग्रहण उत्तम दिसले. मागच्या दोन्ही ग्रहणांना ढगांनी दावा साधला होता. यंदा पंचवीस वर्षांचा हट्ट पुरा झाला. मध्यान्हापासून घटिकापात्र पाण्यावर मांडून बसलो होतो. छाया चंद्रबिंबाला लागली ती १९ घटिका २० पळांना. तूही उज्जैनीस मोजले असशीलच. ग्रहण एक, क्षण एक. दोन गावच्या वेळांत जो फरक पडेल तेच त्यांचे पूर्वपश्चिम अंतर, म्हणजे देशांतर. पोथीत वाचून ते सगळेच सांगतात. आकाशाला विचारून सांगणारे आपण दोघेच. तुझा आकडा आला की वहीत शाईने लिहितो.

थंडीने हाताला कंप आहे, म्हणून हे तुझी बहीण मथुरा लिहिते आहे. तिच्या अक्षराला नावे ठेवू नको, आमटी मला तिच्याच हातची खायची आहे. परत येणाऱ्या जासुदाबरोबर उत्तर धाडणे. हे आशीर्वाद.

उज्जैन, माघ शुद्ध ५

तीर्थरूप तात्यांचे सेवेसी, अपत्य अनंताचे सा. न. वि. वि. पत्र पावून आनंद झाला. मी क्षिप्रेच्या घाटावर पात्र मांडले होते. छाया लागली १८ घटिका ४५ पळांना. पुणे उज्जैनीच्या पश्चिमेस, तेव्हा पुण्याची वेळ मागे हवी. आपली तर पस्तीस पळे पुढे आहे! गणित तीनदा केले. आपल्या आकड्याने पुणे पूर्वेस सरकून नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात जाऊन बसते. पर्वतीही बरोबर नेली असल्यास कळवावे, म्हणजे दर्शनाला कोठे जायचे ते ठरवता येईल.

चेष्टेचा राग नसावा. आपल्या पात्राचे छिद्र झिजून मोठे झाले असेल. छिद्र मोठे म्हणजे पात्र लौकर भरते आणि घटिका जास्त मोजल्या जातात, हे आपणच मला मुंजीआधी शिकवलेत. कृपा आहे ती वाढवावी, हे विनंती.

पुणे, माघ वद्य ८

ती. दादास मथुरेचा शि. सा. न. वि. वि. हे पत्र तात्यांना न सांगता लिहिते. तुमचे पत्र मीच त्यांना वाचून दाखवले. नागपूर आले तेव्हा ते हसले नाहीत. तेव्हापासून पात्र चिंचेने घासतात आणि पुन्हा पुन्हा भरून पाहतात. जेवायला दहादा हाका माराव्या लागतात.

पात्रात दोष नाही, दादा. तात्यांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. दसऱ्यापासून दारातले माणूस आवाजावरून ओळखतात. हाताला कंप वगैरे काही नाही, कागदच दिसत नाही. वैद्यांनी दोन अंजने दिली, आता त्यांनीही हात टेकले.

ग्रहणाच्या दिवशी पळे मोजायला मी शेजारी होते. छाया लागलेली मला १८ घटिका २६ पळांना दिसली. तात्या नुसते वर बघत बसले होते. मी कोणत्या तोंडाने सांगणार? चंद्राचा तिसरा हिस्सा काळा झाला, तेव्हा ते लागली, लागली म्हणून लहान मुलासारखे ओरडले. मी १९-२० लिहून घेतले. माझे चुकले, पण दुसरे काही सुचले नाही. अजूनही सुचत नाही. तुमचा चेहरा त्यांना जरा तरी दिसतो आहे तोवर या. लोभ आहेच, तो असाच ठेवा.

उज्जैन, फाल्गुन शुद्ध ११

तीर्थरूप तात्यांचे सेवेसी, अपत्य अनंताचे सा. न. वि. वि. परवा पात्र तपासले तो दोष माझ्याकडेच निघाला. माझ्याच पात्राचे छिद्र झिजून मोठे झाले आहे. तेव्हा माझा आकडा चूक, आपला बरोबर. तो वहीत शाईने लिहावा आणि मनाला काही लावून घेऊ नये.

भेटीची फार इच्छा आहे. धन्यांकडे दोनदा रजा मागितली. छावणी उत्तरेस कूच करणार, मुहूर्ताला जोशी हवा, म्हणून सोडत नाहीत. साऱ्या फौजेला निघायचा मुहूर्त मी काढून देतो, मला मात्र निघता येत नाही. वेळेवर जेवत जावे. आशीर्वाद असू द्यावा, हे विनंती.

पुणे, चैत्र शुद्ध २

चि. अनंतास यज्ञेश्वरशास्त्री याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या छिद्राचे वर्तमान ऐकले. अरे, तुझे छिद्र मोठे, तर तुझ्या घटिका जास्त मोजल्या गेल्या. म्हणजे तुझी खरी वेळ आणखी कमी, आणि पुणे नागपुरासही न थांबता थेट पूर्वसमुद्राला कटकाकडे चालू लागते. माझी बाजूच घ्यायची होती तर छिद्र बुजले म्हणायचे, गाढवा. मुंजीआधी शिकलेले तू विसरणारा नाहीस. हे लिहिताना तुझे चित्त ठिकाणावर नव्हते. त्यावरून समजलो, तुला कळले आहे.

मथीला विचारले. तिने खरा आकडा सांगितला. १९-२० तिच्याकडूनच खोडवले आणि १८-२६ लिहवले. तुझ्यामाझ्यात एकोणीस पळे. पुणे जागेवर आले. ती आता रडते आहे, अक्षर बिघडले तर समजून घे.

रजेला तुझा इलाज नाही, डोळ्यांना माझा नाही. आज बीज. संध्याकाळी मथीने माझे बोट धरून चंद्रकोरीकडे वळवले. मला नुसते पांढरट आभाळ. बायका बीजेच्या चंद्राला पदराच्या सुताची दशी वाहून जुने घे, नवे दे म्हणतात, त्याला मी जन्मभर हसत आलो. आज उपरण्याची दशी ओढून मीही वाहिली. नवे काही मागितले नाही. म्हटले, अनंता येईपर्यंत हे जुनेच राहू दे.

प्रकृतीस जपणे. हे आशीर्वाद.