नऊ नंबर अजून त्याचाच

प्रिय यास्ना,

आपण जिंकलो! आधी हे लिहिते, मग श्वास घेते. बेटांचा फुटबॉलचा कप आपल्या बेटावर आला, पोरी! क्लबच्या कपाटाला कडी नाही म्हणून सध्या तो एरिबेर्तोच्या दुकानात मिठाच्या पोत्यावर बसलाय. जो तो मीठ घ्यायच्या निमित्ताने येतो आणि कपाला हात लावून जातो. एरिबेर्तो म्हणतो, "काकू, इतकं मीठ मी जन्मात विकलं नव्हतं, बेटाला रक्तदाब होणार आता." क्लबचा अध्यक्ष झाल्यापासून तो पोट पुढे काढून चालायचाच. आता पोट आधी पोचतं आणि अध्यक्ष मागून येतात. आमची रायेन कशी आहे? दात आले असतील. पुन्ता आरेनासचा वारा मेला फार वाईट, तिचे कान झाकत जा. मी अजून पोरीला पाहिलंसुद्धा नाही आणि तिच्या कानांची काळजी करत बसते. इकडे सफरचंदं उतरवून झालीत, यंदा चांगली गोड आहेत, पण रस काढायला माणूस मिळत नाही. सगळे मैदानावर जाऊन नुसते उभे राहतात, जिंकल्यावर गवत कसं दिसतं ते बघत.

शेवटचा सामना आपल्याच मैदानावर होता. समोरच्या बेटावरचे तीन होड्या भरून आले, ढोल घेऊन, वर स्वतःचे बटाटे घेऊन, म्हणजे आपले खावे लागू नयेत! भरतीची वेळ होती. चेंडू सारखा पाण्यात जायचा आणि म्हातारा पेरेग्रीनो वल्हं मारत जाऊन आणायचा. प्रत्येक वेळी पंच घड्याळाकडे बघायचा आणि पेरेग्रीनो ओरडायचा, "तू पोहत जातोस का, साहेबा?" हसून हसून माझ्या पोटात दुखलं. आपले दहाच जण मैदानात उतरले तेव्हा त्यांच्यातला एक जाड्या ओरडला, "अरे, अकरावा कुठाय? मासे आणायला गेला का?" यास्ना, ढोलसुद्धा थांबले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "गेलाय. आणि येईल हो, तुझ्यासाठीच येईल." जाड्याने टोपी काढली. त्याला कोणीतरी कानात सांगितलं असणार.

आपले दहाच का खेळतात ते तुला मी सांगायला नको, पण तू गेल्यानंतर इथे काय काय झालं ते तुला कोणी नीट कळवलेलं नाही, म्हणून लिहिते. ज्याला समुद्राने परत दिलं नाही त्याला आपल्याकडे थडगं नसतं. समुद्राकडच्या गोलच्या मागे त्याचे खेळायचे बूट पुरतात, प्रार्थना होते, आणि मग त्याचा नंबर पुढच्याला मिळतो. माझ्या भावाचे बूट तिथेच आहेत, एरिबेर्तोच्या बापाचे आहेत. आपल्या निबाल्दोचे नाहीत. ते तू काखेत मारून होडीत बसलीस, पोट पुढे, रायेन आत. एरिबेर्तो धक्क्यावर म्हणाला, "पोरी, बूट ठेवून जा," आणि तू म्हणालीस, "तो आल्यावर काय घालेल?" मी तेव्हा मध्ये बोलले नाही. माझा नातू असला तरी नवरा तुझा होता. बूट नाहीत म्हणून पुरणं नाही, आणि पुरणं नाही म्हणून नऊ नंबर अजून त्याचाच. जर्सी कपडे बदलायच्या खोलीतल्या त्याच्या खुंटीवर असते. तिला कोणी हात लावत नाही, धुवायला मी सोडून.

आता गोलचं सांगते, तुला ऐकायचं असेल. सामना संपत आला होता, बरोबरी होती. डावीकडून सामुएल पळाला. तोच आपला सामुएल, जो त्या दिवशी निबाल्दो खाली बुडी मारून असताना होडीत त्याच्या हवेची नळी धरून बसला होता आणि ज्याच्या हातात नळीचं नुसतं टोक राहिलं. तेव्हापासून तो पाण्यात उतरत नाही, बटाटे खणतो. तो पळाला आणि मान वर न करता चेंडू आत मारला, गोलसमोर, जिथे आपलं कोणीच नव्हतं. त्यांचे बचाववाले हात कंबरेवर ठेवून बघत राहिले, की जातोय तर जाऊ दे. आणि चेंडू हवेतच वळला. जसा डोक्याने वळवतात तसा, मानेचा झटका देऊन. गोलरक्षक बिचारा दुसऱ्या बाजूला पडला. पंच कास्त्रो शहरातला होता, त्याला आपल्या गोष्टी माहीत नाहीत. त्याने शिट्टी तोंडाला लावली, काढली, परत लावली. त्यांचा कप्तान भांडायला आला, "कोणी मारला? सांगा, कोणी मारला?" तेव्हा पंच म्हणाला, "कोणी का मारेना, बाबा, आत तर गेला." मी नाचले, यास्ना. या गुडघ्यांनी नाचले. पेरेग्रीनोने होडीत उडी मारली आणि होडी उलटली.

नंतर मी सामुएलला विचारलं, "तू बघितल्याशिवाय कसा मारतोस रे?" तो म्हणाला, "आजी, बघायला भीती वाटते. तो 'दे!' म्हणतो, मी तिकडे देतो." एवढंच म्हणाला आणि चिखल काढत बसला.

हे पहिल्यांदा झालं नाही. सगळ्या उन्हाळ्यात असंच. सामना संपला की मी जर्सी गोळा करायला खोलीत जाते, दहा ठिकाणच्या दहा, घामाने ओल्या. आणि खुंटीवरची नऊ नंबरची, जी कोणी घातलीच नाही, ती थेंब थेंब गळत असते. तिला घामाचा वास येत नाही, समुद्राचा येतो. एकदा बाहीत शेवाळाची हिरवी पट्टी मिळाली, ती मी बायबलात ठेवली. पहिल्यांदा मी घाबरले. दुसऱ्यांदा मी जर्सी छातीशी धरून बसले आणि माझा झगा भिजला. तिसऱ्यांदा तर मी वाट बघत होते, पोरी. रविवार कधी येतो असं व्हायचं मला. बाकी बायका नातवासाठी केक करतात, मी जर्सी धुवायची. गोड्या पाण्यात दोनदा खळबळायची, नाहीतर मीठ कापडात राहतं आणि काखेत कडक होतं. त्याला लहानपणापासून काखेत पुरळ यायचं, तुला माहीतच आहे.

आणि बेट काय खूश! आता पुढच्या हंगामाचं ऐक. कप जिंकला म्हणून आपल्याला यंदा कास्त्रोच्या मोठ्या स्पर्धेत खेळायचंय, सबंध हिवाळाभर, शहरातल्या क्लबांशी. ज्यांच्याकडे दिवे असतात, मालिशवाला असतो, आणि खेळाडू आपापली बॅगसुद्धा उचलत नाहीत. दुसरं कोणी असतं तर झोप उडाली असती. आपल्या क्लबात मात्र सगळे निवांत. प्रशिक्षक ओविदिओ शाळेची बोट चालवून येतो आणि प्रार्थनाघराच्या मागच्या फळीवर खडूने गोल काढतो. दहा गोल साधे, आणि पुढे मध्यभागी एक, तो दोनदा गिरवलेला. "हा असला की मला शहराची भीती नाही," म्हणतो. माशांच्या कंपनीत तेमुकोकडचा एक माणूस आलाय, बैलासारखा दांडगा, म्हणे खरोखर छान खेळतो. तो बिचारा केस विंचरून एरिबेर्तोकडे आला, "मी पुढे खेळतो, तुमची नऊची जागा रिकामी दिसते." एरिबेर्तो म्हणाला, "दिसते तशी नाहीये." त्याला गोलरक्षकाच्या मागे चेंडू आणायला ठेवलाय. तो येणाऱ्या जाणाऱ्याला विचारतो, "अहो, पण तो नऊ नंबरवाला सरावाला कधी येतो?"

तर असं हे. गेल्या रविवारी जेवणानंतर क्लबची बैठक झाली. मलाही बोलावलं, कारण जर्सी माझ्याकडे आणि निबाल्दो माझा. एरिबेर्तो उभा राहून बोलला, कप टेबलावर ठेवून. हंगाम चांगला जाणार, म्हणाला, आपला पुढचा खेळाडू थकत नाही, त्याला लागत नाही, त्याला कोणी पळवून नेत नाही. लोक हसले, मीही हसले. एकटा सामुएल हसला नाही. हसणं ओसरल्यावर तो भिंतीकडे बघत म्हणाला, "थकतो." एरिबेर्तो म्हणाला, "काय?" "थकतो म्हटलं. आता 'दे' म्हणताना त्याला दम लागतो." ओविदिओ म्हणाला, "तुझे कान वाजतात, सामु, ती जुनी नळीची गोष्ट आहे तुझ्या डोक्यात." सामुएल उठून गेला. मग वाइन आली आणि विषय बदलला.

पण मला सामुएलचं खोटं वाटलं नाही. का ते सांगते. कप मिळाला त्या दिवशी सगळे एरिबेर्तोला खांद्यावर घेऊन वर गेले, म्हणजे बघ किती आनंद झाला असेल, त्याला उचलायचं म्हणजे! मी कोपऱ्यांवरची निशाणं काढायला खाली राहिले. भुरभुर चालू होती. समुद्राकडच्या गोलसमोर चिखलात सगळीकडे बुटांच्या खिळ्यांचे ठसे, नांगरल्यासारखे. आणि त्यांच्यामध्ये अनवाणी पाय. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. हा पाय मी परातीत उभा करून धुतलाय, यास्ना, मला कोणाला विचारायची गरज नव्हती. पावलं किनाऱ्याकडून आली होती, शिंपल्यांच्या त्या पट्ट्यावरून, जिथे तू आणि मी बूट घालूनसुद्धा जपून चालतो. येतानाची पावलं खोल होती, पळत आल्यासारखी. परत जातानाची फरफटलेली. आणि टाचेच्या खळग्यात पाणी साचलं होतं ते लाल होतं. मी तिथे बसले. वरून गाण्याचा आवाज येत होता, ते त्याचंच नाव घेऊन गात होते. मी माझ्या ओढणीने ती पावलं झाकली, जणू काय झाकल्याने त्याला ऊब मिळणार होती. भरती आली आणि ओढणीही गेली.

आपण सगळे त्याला खेळताना बघतो म्हणून खूश होतो, पोरी. मी तर सगळ्यांत जास्त. त्याच्या पायात काय आहे ते कोणीच बघितलं नाही. आणि आता हिवाळा येतोय. कास्त्रोत सकाळी सामने असतात, मैदानावर दव गोठून काच झालेली असते.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. बैठकीत ठरलं की यास्नाला एर्मेलिंदाकाकूने लिहावं, काकूचं ती ऐकते. असं लिहावं, की बूट अजून वर्षभर तुझ्याकडेच राहू देत, पुरायची घाई नको, हंगाम संपेपर्यंत तरी इकडे आणू नकोस. एरिबेर्तोने कागद आणि तिकीट दिलं. तर ते मी लिहिलं, क्लबचं काम झालं. आता माझं ऐक. बूट घेऊन ये. गुरुवारच्या बोटीने ये, रायेनला जाड कोट घाल, मी धक्क्यावर असेन. तू ते का दिले नाहीस ते मला कळतं, तो येईल म्हणून दिले नाहीस. तो आला गं, दर रविवारी आला, आणि त्याला घालायला काही मिळालं नाही. आपण ते पुरू, सामुएल खड्डा खणेल, मी त्याला विचारलंय, तो हो म्हणाला आणि रडला. मी लोकरीचे मोजे विणलेत, जाड, गुडघ्यापर्यंत, ते आधी बुटात घालू. मग नऊ नंबर तेमुकोवाल्याला देऊन टाकू, आणि शहरातले आपल्याला बदड बदड बदडतील, आणि एरिबेर्तो माझ्याशी बोलणार नाही. मग मला रविवारी खोलीत कोरडी खुंटी दिसेल. दिसू दे. तू ये.

तुझीच, आणि त्याचीही,
एर्मेलिंदा आजी