प्रश्नचिन्हांतली वावरं

बाई, आज दुपारी तुमची वावरं पुन्हा उघडून बसलो होतो. स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, ओळीमागून ओळी. शब्दांमधली मोकळी जागा तेवढी शाबूत आहे, तिच्यावरून मी अंदाज बांधत राहतो. पाच चिन्हं, मग जागा, मग तीन. हे नाल्याकाठचं वावर असेल का? बघता बघता खोलीत कपाशी हलायला लागते आणि तुम्ही बांधावर उभ्या राहून कुण्या म्हाताऱ्याला विचारताय, "काऊन हो बाबा, या वावराले असं नाव काऊन पडलं?"

निवृत्तीनंतर सोनाळ्यातल्या प्रत्येक वावराचं नाव आणि त्यामागची गोष्ट तुम्ही वहीत उतरवलीत. मी बुलढाण्यात वेबसाइट बनवायचो, म्हणून हौसेने तुम्हाला फॉर्म करून दिला. तुम्ही एका बोटाने मराठीत टाइप करून एकेक नाव पाठवत होतात. एक दिवस तुमचा फोन आला, "पोहचले काय रे सारे? वहीले वाळवी लागली, जाळून टाकू?" मी फक्त नोंदींचा आकडा पाहिला. म्हणालो, "पोहचले बाई, टाका जाळून."

फॉर्ममधली अक्षरं कोणत्या पद्धतीने पाठवायची आणि साठवायची, ते आधी सांगून ठेवावं लागतं. युनिकोड म्हणून सांगितलं की मराठी सुखरूप पोहोचते. मी ते सांगितलंच नव्हतं, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठलं आणि मूळ अक्षर कायमचं गेलं. शहाणा मी! फॉर्म तपासला तो माझं नाव इंग्रजीत टाकून. चौथीत तुम्ही माझी पाटी परत करायच्या, "लिहून झालं का एकदा वाचत जाय." तेही मी केलं नाही. लाज वाटते, बाई.

चूक कळल्यावर मी गावी आलो, ती सांगायलाच. तुम्ही ओसरीवर तूर निवडत होतात. शेजारणीला म्हणालात, "आपल्या गावाचे सारे वावरं कम्प्युटरमधी गेले, या पोरानं नेले." मग मला, "एखादं दाखव न रे तिले." मी मोबाइल काढला, जरा वेळ पाहिला आणि म्हणालो, "बाई, इथं रेंज नाही." तुम्ही हसलात आणि चहा मांडायला उठलात. पुढच्या वेळी आलो तेव्हा तुम्ही नव्हतात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकून पोहोचणारही नाही. एवढंच लिहून ठेवतो. त्या दिवशी रेंज होती, बाई. पूर्ण होती.