तंबूतला इंग्रजी खून

ता. ७ फेब्रु. ७३, बुध.

औंधची जत्रा उरकून तंबू कराडकडं, कॅनॉलकाठच्या गावात आणला. जागा नासकी. पडद्यामागं सगळं गाव मुतून गेलेलं आणि नेमकी तिथंच माझी खाट. मालक अण्णाला बोललो तर म्हणतो, "हवालदार, लष्करात काय अत्तर शिंपडत हुते व्हय?" हलकट.

उमेदीची सगळी वर्षं सिग्नलमध्ये काढली, साहेब लोकांचं इंग्रजी ऐकून कान पिकले, ते कशासाठी? तर तंबूत माईक धरून पब्लिकला इंग्रजी पिक्चर मराठीत सांगायला. नवीन आलंय ते घोडेवाल्यांचं. इंग्रजी भाड्यानं स्वस्त पडतं ना! अण्णानं बोर्डावर आपल्या मनचं नाव रंगवलंय, इथं लिहायचीसुद्धा लाज वाटते. शेजारी अर्धी उघडी बाई. पिक्चरमध्ये बाई एकच, ती खाणावळवाली म्हातारी. शी!

ता. ८, गुरु.

दुपारी गोडावनात भिंतीवर रिळं लावून बघितली. पिक्चर चांगलं आहे, खोटं कशाला बोला. वाळवंटातलं गाव. पाणी एकाच विहिरीचं, ते पाळीपाळीनं वाटणारा माणूस सकाळी घोड्यांच्या हौदात पालथा, मेलेला. कुणी मारला? फौजदार दारोदार विचारत हिंडतो. जो तो म्हणतो, मी झोपलो होतो. संशय एका भटक्या मेंढक्यावर, फास तयारच. शेवटच्या रिळात कळतं की गावच्या बड्या धन्यानं मारला. पाळी मोडून पाणी देईना म्हणून मान धरून बुडवला.

पब्लिकला इंग्रजी ओ की ठो कळत नाही. मी सांगीन तेच पिक्चर. कुठं काय बोलायचं, मनाशी बसवलं.

ता. १०, शनि.

काल पहिला खेळ. तुडुंब. शेवटच्या रिळाला आवाज चढवून म्हणालो, "मंडळी, हाच तो! पाण्यासाठी माणूस बुडवणारा गावचा मोठा धनी!" वाटलं शिट्ट्या पडतील. तर मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर आपला चेअरमन!" झालं. माती काय उडाली, टोप्या काय उडाल्या, पुढचं माझं मलाच ऐकू येईना.

सकाळी हाटेलात उलगडा झाला. गेल्या साली इथला पाटकरी, नामदेव, कॅनॉलमध्ये सापडला. शेताशेताला पाळीनं पाणी सोडणारा माणूस. सोसायटीच्या चेअरमनच्या उसाला पाळीबाहेर दार उघडेना, एवढाच गुन्हा. पंचनाम्यात म्हणे दारू पिऊन घसरला. हाटेलवाला कानात सांगतो, "थेंब शिवत न्हवता ओ त्यो कवा."

"मग बोलला का नाहीत कुणी?"

"आमी झोपलो हुतो."

पिक्चरमधलंच वाक्य, जसंच्या तसं! चहा तसाच ठेवून उठलो.

ता. ११, रवि.

काल संध्याकाळी अण्णा म्हणाला, "खुनी बदला."

पिक्चर काय माझ्या बापानं काढलंय?

"चित्र ऱ्हाऊ द्या तसंच. मराठी बदला. मेंढक्यानं मारला म्हना."

जागा चेअरमनची, इंजनाचं डिझेल चेअरमनचं. चे. स्वतः आले, पुढं खुर्ची टाकून, पान चघळत. आणि मी म्हणालो. हो, म्हणालो! पडद्यावर धन्याला दोरीनं बांधून नेतायत आणि इकडं मी, "बघा मंडळी, मेंढक्याचं पाप धनी बिचारे आपल्या अंगावर घेतायत!" माझ्याच तोंडाची मला किळस आली. चे.नी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. आदल्या रात्री बोंबलणारे होते, त्यांनीसुद्धा.

बाहेर आटपाडीकडचा म्हातारा धनगर उभा. दुष्काळात मेंढरं जगवायला आलाय, तुटलेल्या उसाच्या रानात कळप बसवलाय त्यानं. म्हणाला, "हवालदार, काल धन्यानं मारला, आन आज आमी मारला व्हय?"

पडद्यामागं गेलो, त्या मुताच्या वासातच खाटेवर पडून राहिलो.

ता. १२, सोम.

कालही तेच बोललो. आज सकाळी रान मोकळं. गावच्या पोरांनी पहाटे कोकरांवर दगड घातले, धनगरं चंबूगबाळं उचलून गेली. अण्णा हसतो, "पिक्चर डोक्यात गेलं की ओ तुमचं!" याचं तोंड फोडावंसं वाटतं. त्याच्या आधी आपलं.

दुपारी तंबूत एक बाई आली. पदर घट्ट, पाय भेगाळलेले. "मी नामदेव पाटकऱ्याची मालकीन. सोनाबाई."

मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, खरं सांगू का, पिक्चरमध्ये धनीच खुनी आहे. मेंढक्या नाही."

"ते म्हाईत हाय मला. मला एकटीला कशापायी सांगताय? माईकवरनं सांगा."

एवढंच बोलून गेली. आज शेवटचा खेळ. अण्णा दोनदा येऊन बजावून गेलाय, तोंड सांभाळा म्हणून. लढाईत भ्यालो नव्हतो इतका. पाच-पन्नास उसवाल्यांना भितोय, लाज आहे लाज!

ता. १३, मंगळ.

सांगितलं.

बायकांच्या बाजूला सोनाबाई पुढंच बसलेली. शेवटचं रीळ लागलं. म्हणालो, "धन्यानं मारला. मेंढक्यानं नाही. मी दोन दिवस खोटं बोललो, मंडळी." अण्णानं वायर उपटली. उपट लेका! परेडचा आवाज आहे अजून. माईकशिवाय सगळं रीळ सांगितलं. शब्द न् शब्द.

शिट्टी नाही, हूं नाही, चूं नाही. चे. शेवटपर्यंत बसले, टोपी नीट केली, पिंक टाकली, गेले.

पहाटेच अण्णानं माझी ट्रंक रस्त्यावर टाकली. हाटेलात रात्रीचीच माणसं. बोलतायत कशाबद्दल? घोड्यांबद्दल! "त्यो पांढरा लय झ्याक पळत हुता गड्या." माझ्याकडं कुणी बघेना. थू तुमच्या जिनगानीवर!

एस.टी.च्या थांब्यावर सोनाबाई. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"कुठं बाई?"

"साताऱ्याला. मोठ्या पोलीस सायबाकडं. साक्षीला येता का?"

"मी काय बघितलंय, बाई? नुसतं पिक्चर."

"गाव म्हनंल, आमी त्ये बी बघितलं न्हाई."

मला सांगलीकडं जायचं होतं, माधवनगरला बहिणीकडं. साताऱ्याची गाडी आधी आली, ट्रंक तिच्याच टपावर चढवली.